सत्तेचे विकेंद्रीकरण आणि विकासाचा खर्च

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सत्तेचे विकेंद्रीकरण हा शब्दप्रयोग आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेला आहे की, त्याचा नेमका परिणाम काय होतो हे विचारण्याची आवश्यकताच आपणांस वाटेनाशी झाली आहे. विकेंद्रीकरण चांगले, असे आपण धरून चालतो. आज मी दोनच प्रश्नांपुरता विचार मांडणार आहे. सत्ता राजधानीतून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून गावात आली म्हणजे शासनाचा पैसा निराळ्या कामांवर खर्च होऊ लागतो काय, हा पहिला प्रश्न. आणि तसा तो खर्च झाल्यास त्या प्रदेशाची आर्थिक वाढ अधिक वेगाने होते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र काही अटींवर अवलंबून आहे. त्या अटी कोणत्या आणि त्यांपैकी किती आपल्या स्वतःच्या हातात आहेत, हे पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

महाराष्ट्राने निवडलेला मार्ग

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यात शासनाचा पैसा होता, अधिकारी होते, योजना होत्या. परंतु लोकांचा सहभाग अपेक्षेप्रमाणे मिळेना. याचे कारण शोधण्यासाठी १९५७ साली बलवंतराय मेहता समिती नेमण्यात आली. निर्णयाचा अधिकार लोकनियुक्त संस्थांकडे दिल्यावाचून लोक विकासाची जबाबदारी घेणार नाहीत, हा त्या समितीच्या अहवालाचा गाभा होता. पंचायत राज्याची त्रिस्तरीय रचना तिथूनच पुढे आली.

मेहता समितीने गटपातळीला महत्त्व दिले होते. महाराष्ट्राने मात्र निराळा विचार केला. राज्य स्थापन झाल्यावर लगेच, १९६० साली, तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली व १९६१ साली तिचा अहवाल आला. जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक असावा, असे या समितीचे मत पडले. अभियंते, वैद्यकीय अधिकारी, शेतीतज्ज्ञ ही मनुष्यशक्ती जिल्हा पातळीवरच पुरेशी उपलब्ध होऊ शकते, हा विचार त्यामागे होता. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या कारभारापासून दूर ठेवावे आणि परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यावा, अशीही व्यवस्था सुचविण्यात आली. त्यानुसार झालेला कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला आणि राज्यात २५ जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. आज त्यांची संख्या ३४ आहे.

या रचनेचा एक विशेष आपण लक्षात घ्यावा. केवळ सल्ला देणारी मंडळे निर्माण करून महाराष्ट्र थांबला नाही. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, ग्रामीण रस्ते ही कामे आणि ती करणारा कर्मचारीवर्ग जिल्हा परिषदांकडे सोपविण्यात आला. या वर्गात बसलेले शिक्षक जिल्हा परिषदेचे नोकर आहेत, ते त्या निर्णयामुळे. काम, निधी आणि माणसे या तीन गोष्टी एकत्र हस्तांतरित झाल्या तरच सत्ता खऱ्या अर्थाने खाली येते. तिहींपैकी एक जरी वर राहिली, तरी उरलेल्या दोन निष्प्रभ ठरतात.

पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. अकराव्या अनुसूचीत २९ विषय नमूद झाले आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले.

खर्चाची दिशा बदलते

निर्णय घेणारा माणूस बदलला की खर्चाची दिशा बदलते, हे आता केवळ श्रद्धेचे विधान राहिलेले नाही. पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गावांत सरपंचपद महिलांसाठी राखीव होते, तेथे दोन्ही राज्यांत पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर अधिक गुंतवणूक झालेली आढळली. गावात त्यांनाच पाणी भरावे लागत असल्याने पाण्याची निकड त्यांना अधिक ठाऊक होती. राखीव जागा चिठ्ठीसारख्या योगायोगाने ठरत असल्यामुळे, ही गावे मुळातच निराळी होती असा आक्षेपही घेता येत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया या देशाचे आहे. आपल्यापेक्षा लोकसंख्येने पुष्कळ लहान असलेल्या या देशाने १९९४ साली लोकसहभागाचा कायदा केला. राष्ट्रीय करांच्या उत्पन्नातील नगरपालिकांचा वाटा १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आला आणि तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्याचे ठरले. त्यापूर्वी अशा निधीपैकी ८६ टक्के रक्कम तीन मोठ्या शहरांतच जात होती आणि उरलेल्या तीनशेहून अधिक नगरपालिकांना मिळून १४ टक्के मिळत होते. नव्या पद्धतीत त्या तीन शहरांचा वाटा २७ टक्क्यांवर आला. ज्याँ-पॉल फागे या अभ्यासकाने या बदलाचा तपशीलवार मागोवा घेतला. शिक्षण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरील गुंतवणूक वाढली; आणि विशेष म्हणजे, जेथे निरक्षरता अधिक होती तेथे शिक्षणावर, जेथे पाण्याची सोय कमी होती तेथे पाण्यावर, असा खर्च गरजेप्रमाणे वळला.

यामागील कारण साधे आहे. कोणत्या वस्तीतील विहीर मार्चमध्ये आटते, कोणत्या ओढ्यावर पूल नसल्यामुळे पावसाळ्यात मुले शाळेत येत नाहीत, हे गावातल्या माणसाला ठाऊक असते. तीच माहिती कागदांवरून मंत्रालयात पोहोचेपर्यंत तिची सरासरी निघते, आणि सरासरीवर आखलेली योजना कोणत्याच गावाला नीट लागू पडत नाही.

वाढीचा प्रश्न

खर्च गरजेप्रमाणे होऊ लागला म्हणजे आर्थिक वाढ आपोआप होईल, असे मात्र समजू नये. चीनमधील प्रांतांविषयी ताओ झांग आणि हेंग-फू झोऊ यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वित्तीय विकेंद्रीकरण वाढले त्या काळात प्रांतांची वाढ मंदावल्याचे आढळले. दोनच वर्षांनी, २००० साली, जस्टिन यीफू लिन आणि झिकियांग लिऊ यांनी त्याच देशाविषयी नेमका उलट निष्कर्ष काढला. देश एक, काळही बराचसा एक, आणि निष्कर्ष दोन. यावरून विद्वानांची थट्टा करण्याचे कारण नाही. विकेंद्रीकरण या एकाच शब्दाखाली अनेक निरनिराळ्या गोष्टी येतात, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

महामार्ग, मोठी धरणे, वीजनिर्मिती, रेल्वे ही कामे एका जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरची असतात व त्यांचा लाभही अनेक जिल्ह्यांना होतो. अशा कामांसाठी लागणारा पैसा लहान लहान वाट्यांत विभागला गेला, तर वाढीला खीळ बसू शकते. उलट, गावातील बंधारा, शाळेची इमारत, बाजाराचा ओटा, शेतावर जाणारा रस्ता ही कामे वरून केली तर खर्च अधिक होतो आणि उपयोग कमी. म्हणून सत्ता खाली द्यावी की न द्यावी, असा प्रश्न घालण्यात अर्थ नाही. कोणते काम कोणत्या पातळीवर उत्तम होते, याची वाटणी नीट झाली पाहिजे.

जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतर

दुसरी अट प्रादेशिक समतोलाची. जिल्हा परिषदा १९६२ साली एकाच दिवशी सुरू झाल्या. परंतु सर्व जिल्ह्यांची सुरुवात सारख्या पातळीवरून झाली नव्हती. काही जिल्ह्यांत कालव्याचे पाणी होते, सहकारी संस्थांचे जाळे होते. प्रवरानगरसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारासच उभा राहिला होता. अशा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने बांधलेल्या रस्त्यावरून लगेच ऊस आणि दूध वाहू लागते. जेथे सिंचन नाही आणि पत नाही, तेथे तोच रस्ता बराच काळ रिकामा राहतो. खर्च सारखा, फळ मात्र निराळे.

या अंतराची जाणीव राज्यनिर्मितीपूर्वीही होती. १९५३ च्या नागपूर करारात विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे वचन होते, आणि १९५६ साली घटनेच्या ३७१ (२) या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. तरीही अंतर राहिले. ते मोजण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. समितीने जिल्हा हा घटक धरून रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, याचा हिशोब मांडला. १९८४ च्या अहवालानुसार एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा होता. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. सर्वांत मोठा अनुशेष सिंचनाचा होता. उर्वरित महाराष्ट्राचा आकडाही लहान नाही, हे ध्यानात घ्यावे. मागासलेपण एखाद्या विभागाची सीमा पाहून थांबत नाही.

पुढे १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी तीन विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत २०२० साली संपली. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ साली प्रादेशिक समतोलाचा पुन्हा विचार केला. या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. खाली सत्ता दिली म्हणून वरच्या शासनाची जबाबदारी संपत नाही. कमकुवत जिल्ह्याला अधिक भर देण्याचे काम वरूनच व्हावे लागते. समर्थ आणि दुर्बल दोघांना सारखेच स्वातंत्र्य देऊन शासन बाजूला झाले, तर अंतर वाढते.

पैसा कोणाचा?

आता मी आपल्या स्वतःच्या हातात असलेल्या अटीकडे येतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना २,००,२९२ कोटी रुपयांची शिफारस केली. हा पैसा थेट ग्रामपंचायतींसाठी होता आणि त्यापूर्वी गावांच्या वाट्याला एवढी मोठी रक्कम कधी आली नव्हती. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले. मात्र त्यातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बांधून ठेवली. रीतसर निवडून आलेली संस्था अस्तित्वात असणे हीदेखील या अनुदानाची अट होती. महाराष्ट्रात २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे होता. निवडणूक लांबली म्हणजे केवळ पदे रिकामी राहत नाहीत, विकासाच्या निधीवरही त्याचा परिणाम होतो, हे त्यावरून उघड व्हावे.

निधी वाढला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या अर्थकारणावर प्रसिद्ध केलेला अहवाल आपणांस विचार करावयास लावणारा आहे. त्यानुसार २०२२-२३ साली देशातील एका पंचायतीला सरासरीने केंद्राचे सुमारे १७ लाख रुपये व राज्याचे सव्वातीन लाखांहून अधिक रुपये अनुदान मिळाले. स्वतःच्या करांचे उत्पन्न मात्र केवळ २१ हजार रुपये होते आणि करेतर उत्पन्न ७३ हजार रुपये.

समजा, एखाद्या गावात ४०० घरे आहेत आणि प्रत्येक घराला सर्व कर मिळून वर्षाला ६०० रुपये आकारणी आहे. पूर्ण वसुली झाली तर २ लाख ४० हजार रुपये होतात. निम्मीच झाली तरी १ लाख २० हजार. त्यातून पाणीयोजनेच्या पंपाची दुरुस्ती होते, शाळेचे छप्पर पावसाळ्यापूर्वी नीट करता येते. हा प्रश्न केवळ रकमेचा नाही. अनुदानाचा पैसा वाया गेला तर गावकरी म्हणतो, सरकारचा पैसा गेला. घरपट्टीचा पैसा वाया गेला तर तोच गावकरी ग्रामसभेत उभा राहून जाब विचारतो. कर भरणारा नागरिक हाच स्थानिक संस्थेचा सर्वांत कडक हिशोबतपासनीस असतो. गावोगाव अनुदानातून बांधलेल्या पण देखभालीअभावी बंद पडलेल्या पाणीयोजना आपण पाहतो. बांधण्यासाठी पैसा वरून आला, चालविण्यासाठी मात्र गावाने तजवीज केली नाही. अशा खर्चाने आकडे वाढतात, उत्पन्न वाढत नाही.

दोन गावांचा दाखला

अटी पुऱ्या झाल्यास काय घडते, याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. पहिले, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळाने आणि स्थलांतराने खचलेले होते. रोजगार हमी आणि आदर्श गाव या योजनांतील शासनाचा पैसा तेथे मृद व जलसंधारणाच्या कामांवर खर्च झाला. हा पैसा इतर अनेक गावांनाही मिळत होता. फरक पडला तो गावाने स्वतःवर घातलेल्या नियमांमुळे. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाच्या नाहीत, उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, मोकाट चराई आणि झाडतोड बंद, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावयाचा. हे नियम मुंबईहून हुकूम काढून कोणी पाळले नसते. ते गावाने केले म्हणून गावाने पाळले. दुधाचे उत्पादन वाढले, शेती स्थिर झाली आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीचे. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. २०११ साली तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. तेव्हापासून बांबूविक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला आणि तोडणीची मजुरी गावातच राहिली. हक्काचा कागद मिळाला तेव्हा उत्पन्न वाढले नाही. परवाना देण्याचा अधिकार मिळाला तेव्हा वाढले. अधिकार अपुरा असेल तर त्याचे आर्थिक फळ शून्य असते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

आपले कर्तव्य

मित्रहो, या वर्गात तीन प्रकारची मंडळी बसलेली आहेत, म्हणून शेवटी तिघांसाठी एकेक गोष्ट सांगतो.

पंचायत सदस्यांनी घरपट्टीची आकारणी व वसुली हे अप्रिय काम म्हणून टाळू नये. निवडणुकीच्या भीतीने कर न वसूल करणारी पंचायत आपला अधिकार स्वतःच वरच्या कार्यालयाकडे परत पाठवीत असते. गाव विकास आराखडा तयार करताना नव्या कामाच्या शेजारी जुन्या कामाच्या देखभालीची रक्कम लिहिली गेलीच पाहिजे.

अधिकाऱ्यांनी ग्रामसभेचा ठराव हा मंजुरीच्या कागदपत्रांतील एक कागद समजू नये. तांत्रिक सल्ला द्यावा, अंदाजपत्रक समजावून सांगावे, चूक असेल तर स्पष्ट दाखवावी. परंतु आराखडा कार्यालयात बसून लिहावयाचा आणि सह्या गावात जाऊन घ्यावयाच्या, ही पद्धत सोडावी. आपण निघून गेल्यावर गावाला जे चालविता येणार नाही, ते आपण उभारलेले नाही असेच मानावे.

आणि शिक्षकांविषयी. अनेक गावांत जमाखर्च वाचून त्याचा अर्थ सांगू शकणारी व्यक्ती शिक्षकच असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. त्या दिवशी गावाला किती निधी आला, तो कशावर गेला आणि किती शिल्लक आहे, हे सोप्या मराठीत फळ्यावर लिहून दिले, तरी फार मोठे काम होईल. माहिती मिळाली म्हणजे लोक प्रश्न विचारू लागतात, आणि प्रश्न विचारले जाऊ लागले म्हणजे खर्च सुधारतो.

सत्ता खाली आली की खर्चाची दिशा लवकर बदलते. प्रदेशाची समृद्धी मात्र सावकाश येते. कामांची योग्य वाटणी, दुर्बल जिल्ह्यांना वरून भर, अधिकारांची पूर्णता आणि गावाचा स्वतःचा महसूल या चार गोष्टी जुळल्या तरच ती येते. पहिल्या तीन गोष्टींसाठी आपण शासनाकडे मागणी करावी, तो आपला हक्क आहे. चौथ्या गोष्टीची सुरुवात मात्र आपण या वर्गातून परत गेल्यावर, आपल्याच गावाच्या कर आकारणीच्या नोंदवहीपासून करू शकतो.